छोट्या ट्रस्टने ऊसतोड कुटुंबांसाठी नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरचा छोटा ट्रस्ट आहे, बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांसाठी काहीतरी करायचंय आणि तूर्त दप्तरवाटप डोक्यात आहे. दप्तरं नकोत. तोडणीच्या हंगामात आईबाप गाव सोडून कारखान्यावर जातात, तेव्हा पोरं गावात राहतील एवढं बघा.

माझे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जायचे. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असायची, त्यामुळे उसाच्या फडात एक दिवस बुडाला की खाडा आणि त्याचे पैसे हिशेबातून कट. धाकटी बहीण तापाने फणफणली होती तेव्हाही आईला थांबता आलं नाही. अंधारातच ती मोळ्या बांधायला गेली आणि मी कोपीत, आमच्या झोपडीत बसून बहिणीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत राहिलो. तेव्हा शाळा का बुडवायचास, असं लोक मला अजून विचारतात!

पुढे एका छोट्या संस्थेने गावच्या शाळेतच आमची सोय केली. केलं काय, तर गावातल्याच एका मावशींना महिन्याचा पगार दिला. त्या दोन वेळचं रांधायच्या, पोरींच्या वेण्या घालायच्या, रात्री आमच्याजवळ झोपायच्या. माझं शिक्षण त्या पगारावर झालं. मग एका विश्वस्तांनी 'पगारात पैसा जातो, दिसत काहीच नाही' म्हणून ते बंद पाडलं आणि 26 जानेवारीला दप्तरं वाटली. जानेवारीत निम्मं गाव कारखान्यावर असतं, हे त्यांना कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा दिली, पण रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार? सरकारी हंगामी वसतिगृहं आहेत, ती आधी बघा. जिथे नाहीत किंवा उशिरा सुरू होतात तिथे तुमची गरज आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाड्या निघतात. तोवर सोय डोळ्यांना दिसली नाही तर कुठलीच आई पोर मागे ठेवत नाही.

अगदी तान्ह्या लेकरांना मात्र आईपासून तोडू नका, त्यांच्यासाठी फडाजवळ पाळणाघर हवं. आणि तोडणीचा दर, उचल, खाडा हे ट्रस्टच्या हातात नाही. तो लढा कामगार संघटनांचा आहे.

तुमच्यातही कुणीतरी पगारावर बोट ठेवेलच. त्यांना सांगा, सगळा खर्च पोरांजवळ राहणाऱ्या बाईंच्या पगारासाठीच आहे. निदान तीन हंगामांचे पैसे आधी बाजूला काढा, मगच गावात शब्द द्या.