पाच जणांच्या कुटुंबासाठी तंबू घ्यायचाय. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा '६ पर्सन वॉटरप्रूफ' चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पुण्यात राहणारं पाच जणांचं घर: नवरा-बायको, सात आणि बारा वर्षांची मुलं, सत्तरीच्या आजी. गाडी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पवना, भंडारदरा, एखाद वेळेस दिवेआगर, एवढाच बेत. ऑनलाइन अडीच हजारांत 'ऑटोमॅटिक, वॉटरप्रूफ, ६ पर्सन' तंबू दिसतोय, तो घ्यावा का?

नका घेऊ. पावसाच्या भीतीने सांगत नाहीये. त्या चार महिन्यांत आपल्याकडे पाऊस झालाच तर एखाद्या दिवशीचा अवकाळी. खरा त्रास दवाचा आणि तुमच्याच श्वासाचा. बंद तंबूत पाच माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार पडलेल्या कापडाला लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. जानेवारीत भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी पहाटे एकपदरी तंबूच्या भिंतीवर आतून बोट फिरवून बघा. बोटाची स्वच्छ रेघ उमटते आणि तिच्या खालच्या टोकाशी थेंब जमून घरंगळायला लागतो. ज्याचे पाय भिंतीला टेकलेले असतात त्याची स्लीपिंग बॅग तेवढीच ओली. मग चहाच्या वेळी सगळ्यांचं एकमत होतं की तंबू गळतो. तो गळत नसतो. उलट कापड जितकं पक्कं वॉटरप्रूफ, तितकी वाफ आत कोंडते.

म्हणून माझ्या मते पहिली अट दोन पदरांची. आतला तंबू जाळीचा किंवा हवा खेळेल अशा पातळ कापडाचा, आणि त्याच्यावर चार बोटं अंतर राखून ताणलेलं पाणी अडवणारं कापड, ज्याला दुकानात फ्लाय म्हणतात. वाफ जाळीतून बाहेर जाते, फ्लायच्या आतल्या अंगाला पाणी धरतं आणि तिथूनच ओघळून मातीत जातं. तुमच्या पांघरुणावर येत नाही. ऑनलाइन फोटोत बघायचं ते हे, की फ्लाय जवळजवळ जमिनीपर्यंत खाली येते का. स्वस्त तंबूंना बऱ्याचदा फक्त माथ्यावर एक तुकडा असतो आणि बाकीच्या भिंती एकपदरीच. फ्लायला वरच्या बाजूला हवेसाठी झडपा असतील तर उत्तम, आणि थंडी वाजली तरी त्या बंद करायच्या नाहीत. थंडीला पांघरूण आहे, दमटपणाला दुसरा उपाय नाही.

आता '६ पर्सन'चं गणित. हा आकडा माणसागणिक साधारण ६० सेंटीमीटर रुंदी धरून काढतात. म्हणजे दोन फूट. घरातला सिंगल बेड तीन फुटांचा असतो. चार जणांच्या तंबूत २४० सेंटीमीटर रुंदी मिळते, तीही पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि सात वर्षांच्या मुलाचं झोपेत आडवं होणं न धरता. त्यामुळे लिहिलेल्या आकड्यातून एक माणूस, जमल्यास दोन, कमी करून वाचा.

मग पाच जणांना ७-८ जणांचा मोठा तंबू घ्यावा का? इथे बरेच जण माझ्याशी सहमत होणार नाहीत, पण मी दोन तंबू घ्यायला सांगेन: एक चार जणांचा, एक तीन जणांचा. सह्याद्रीत आठ जणांचा तंबू मावेल एवढी सपाट, दगड नसलेली, उताराची नसलेली जागा शोधणं हेच अर्धं काम होऊन बसतं. पाणवठ्याजवळ ती मिळाली तर नेमकी सखल असते, म्हणजे थंडी आणि दव दोन्ही तिथेच साचणार. शिवाय उंच भिंतींचा मोठा तंबू वाऱ्यात सगळ्यात आधी डगमगतो. दोन तंबूंत आजी आणि बारा वर्षांचं मूल एकात (ते मूल खूशच होईल), तुम्ही दोघं आणि धाकटं दुसऱ्यात. रात्री आजींना उठायचं झालं तर चार जणांना ओलांडावं लागत नाही. एकाची चेन अडकली किंवा काठी मोडली तर सगळे उघड्यावर येत नाहीत.

आजींसाठी मात्र तंबूचं दार नीट बघा. दार मोठं, शक्यतो D आकाराचं, आणि उंबरठा कमी उंचीचा हवा. छोट्या डोम, म्हणजे घुमटाच्या आकाराच्या तंबूत उभं राहता येत नाही, त्यामुळे दाराशी एक घडीचं स्टूल ठेवायचं: आधी स्टुलावर बसायचं, मग पाय आत. गुडघे दुखत असतील आणि खाली बसणं जमतच नसेल तर घडीची कमी उंचीची खाट तंबूत जाते का, ते माप घेऊन बघा. खाटेच्या पायांखाली जाड पुठ्ठा किंवा मॅटचे तुकडे, नाहीतर तळ फाटेल.

आकार कोणता? डोम. कारण आपली जमीन. धरणाचं पाणी ओसरलेल्या काठावर माती मिळते, तिथे खुंट्या सहज जातात. पण पठारावर गेलात की दोन-तीन इंच मुरूम आणि खाली कातळ. बोगद्याच्या आकाराचे लांबट तंबू दुकानात फार प्रशस्त दिसतात, पण ते उभे राहतात खुंट्यांच्या ताणावर. खुंटी गेली नाही की तंबू नाही. डोम दोन काठ्यांच्या फुलीवर स्वतःच उभा राहतो, मग दोर मोठ्या दगडांना बांधता येतात. बांधायचे मात्र नक्की, वारा नसला तरी. रिकामा डोम संध्याकाळच्या एका झोताने उचलला जातो.

दिवेआगरला प्रश्न उलटा, वाळूत खुंटी जाते आणि तशीच बाहेरही येते. तिथे कापडी पिशव्या वाळूने भरायच्या, दोर त्यांना बांधायचे आणि त्या हातभर खोल पुरायच्या. तंबू लावण्याआधी भरतीची रेघ बघून घ्या, वाळक्या काटक्या आणि कचरा जिथे ओळीने पडलेला असतो ती, आणि तिच्या बऱ्याच वर राहा. सुरूच्या बनाच्या आडोशाला वारा कमी लागतो. नारळाखाली कधीही नाही, कारण सांगायला नको.

काठ्या दोन प्रकारच्या येतात, फायबरग्लास आणि ॲल्युमिनियम. गाडीने जाणाऱ्यांना वजनाची काळजी नसते, त्यामुळे जाड फायबरग्लास चालतं. बारीक मात्र नको. फायबरग्लास मोडतं तेव्हा उभं चिरतं आणि त्याच्या कुसळी हातात जातात. काठीवर सरकवायची धातूची छोटी नळी आणि चिकटपट्टी सोबत ठेवली की रात्र निभते. ॲल्युमिनियम वाकतं, बहुतेक वेळा सरळही करता येतं, पण महाग.

दुकानात जाऊनच घ्या असं म्हणेन. डेकॅथलॉनच्या मोठ्या दुकानांत तंबू उभे करून ठेवलेले असतात, त्यात मुलांना सरळ झोपवून बघता येतं. तिथे फ्लायचा कोपरा उलटा करा आणि शिवणीवर मोबाइलची बॅटरी मारा. शिवणीच्या आतल्या बाजूने बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. ती नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येऊ शकतं, मग कापड कितीही भारी असो. ती पट्टी कोपऱ्यात, जिथे तीन शिवणी एकत्र येतात, तिथे उचललेली नाही ना, हे नखाने तपासा. चेन दहा वेळा उघड-बंद करा, वळणावर कापड खातेय का ते कळेल.

लेबलवर २००० मिमी, ३००० मिमी असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला तरी पाणी झिरपत नाही, याचं ते माप. फ्लायला २००० तुमच्या कामाला भरपूर. तळाला जास्त हवं, ३००० किंवा पुढे, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्या जागी दाब वाढतो. तळाचं कापड भिंतीवर वीतभर वर चढून मग शिवलेलं असावं. ओल येत नाही, आणि कोकणात फुरसं, विंचू हे विषय असल्यामुळे सगळीकडून बंद तळ लागतोच. चेन दिवसाही लावलेली ठेवायची, बूट झटकून घालायचे. 'फोर सीझन' लिहिलेला तंबू भारी म्हणून घेऊ नका. तो बर्फासाठी असतो, आपल्याकडे त्यात गुदमरायला होईल.

'ऑटोमॅटिक'बद्दल, म्हणजे आधीच जोडलेल्या काठ्या छत्रीसारख्या उघडणाऱ्या तंबूबद्दल: उघडायला दोन मिनिटं वाचतात हे खरं. पण बिजागरीचा प्लास्टिकचा सांधा तुटला की तो गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. फेकला की उघडणारे गोल पॉप-अप तंबू घडी घालताना नवरा-बायकोची परीक्षा घेतात आणि डिकीत मोठी जागा अडवतात.

तंबूसोबतच्या तारेसारख्या खुंट्या बदलाच. लोखंडवाल्याकडून ८ मिमीच्या सळईचे फूटभराचे तुकडे, एका टोकाला वाकवून घ्या, स्वस्तात काम होतं. तळाखाली ताडपत्री घाला, पण तिच्या कडा तंबूच्या बाहेर दिसू देऊ नका, नाहीतर फ्लायवरून ओघळलेलं पाणी ताडपत्रीवरून थेट तुमच्या खाली येतं. आणि बजेटचा एक हिस्सा फोमच्या मॅटसाठी ठेवा, थंडी खालून लागते. दोन बरे तंबू मिळून साधारण १० ते २० हजारांत बसावेत.

एक गोष्ट मात्र कितीही थंडी असली तरी नाही: तंबूत शेगडी, निखारे, गॅस. आग तर लागतेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही. आजींना गरम पाण्याची पिशवी द्या.

खरेदीची घाई नसेल तर पहिल्या वेळेस तंबू भाड्याने घ्या, पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे आहेत. आजींना जमिनीवर झोपणं मानवतं का, हे त्या एका रात्रीत कळेल. तंबू विकत घेतलात तर निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा पूर्ण उभा करा, मुलांकडूनच करवून घ्या. जायच्या जागी मुक्कामाला परवानगी आहे का, हेही आधी विचारा. भंडारदऱ्याच्या आसपासचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम लागू होतात. परत आल्यावर फ्लाय बाल्कनीतल्या दोरीवर सावलीत पूर्ण वाळवून मगच पिशवीत भरा, खास करून शिवणी आणि खुंट्यांच्या पट्ट्या, त्या सगळ्यात उशिरा वाळतात. ओला ठेवला तर बुरशी धरते आणि कापडाला आतून दिलेला पाणी अडवणारा थर चिकट होऊन सुटायला लागतो. तो परत बसवता येत नाही.