पहिल्या सीझनला पाचही सामने हरलेली न्यूकॅसल नाइट्सची महिला टीम लगेच चॅम्पियन झाली, म्हणजे खेळाडू विकत आणूनच ना? मुलीला अशा खेळात घालावं का?

तुम्ही लिहिलंय की ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला नुकतेच आलाय, बारा वर्षांच्या मुलीला रग्बी लीग खेळायचंय आणि घरात आजोबांना ते पसंत नाही. मुलीबद्दल शेवटी लिहिते. प्रश्नातल्या ‘विकत’ या शब्दाने मात्र मला लिहायला बसवलं. हाच शब्द मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलाय, माझ्याच घरात, आणि तो अजून सलतो.

आधी सरळ उत्तर देते. नाही, कप विकत घेतला नाही. बाहेरून खेळाडू आल्या हे खरंच आहे. मिली बॉईल आणि टमिका अप्टन ब्रिस्बेन ब्रॉन्कोसकडून आल्या. ब्रॉन्कोस म्हणजे महिलांच्या राष्ट्रीय रग्बी लीगचे २०१८, २०१९ आणि २०२० हे पहिले तिन्ही सीझन जिंकलेली टीम. बॉईल तर आदल्या सीझनचं डॅली एम पदक (सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं) एमा टोनेगाटोसोबत विभागून घेऊन आली होती. पण तेव्हा खेळाडूंचे करारच एका सीझनचे असायचे. सीझन संपला की सगळ्या मोकळ्या, आणि प्रत्येक क्लब पुन्हा पहिल्यापासून टीम बांधायला बसायचा. त्यात पळवापळवी कसली? ज्या क्लबने नीट बोलणी केली, नीट कोच आणला, त्याच्याकडे पोरी गेल्या. नाइट्सनी रॉनल्ड ग्रिफिथ्सना कोच नेमलं.

तारखाही बघा. नाइट्सचा तो पहिला सीझन नावापुरता २०२१ चा. कोविडमुळे ढकलत ढकलत २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. न्यूझीलंड वॉरियर्स बाहेर पडल्या होत्या, नाइट्स, टायटन्स आणि ईल्स या तीन टीम नव्या आल्या होत्या. एकूण सहा टीम आणि प्रत्येकीला साखळीत फक्त पाच सामने. नव्या टीमला कोण कुठे उभी राहते हे समजेपर्यंत सीझन संपलेला असतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुढचा सीझन सुरू झाला आणि २ ऑक्टोबरला फायनल. लोक ‘एका वर्षात कायापालट’ म्हणतात, प्रत्यक्षात मध्ये सहा महिनेच गेले होते. आणि पाच सामन्यांवर कुणाची लायकी ठरवू नये, कारण त्या फायनलमधल्या समोरच्या ईल्स साखळीत पाचपैकी एकच सामना जिंकल्या होत्या. तरी सेमीफायनलला त्यांनी तोवर एकही न हरलेल्या रूस्टर्सना घरी पाठवलं.

आता माझं सांगते.

मी इस्लामपूरची. कबड्डी खेळायचे, उजवा कोपरा. घोट्यात पकड हा माझा हुकमी डाव. चढाईवाली बोनससाठी पाय पुढे टाकते ना, तो पाय जमिनीला टेकायच्या आधी हात तिथे पोचलेला पाहिजे. दोन वर्षं जिल्ह्याच्या संघात होते. १९९९ साली, मी एकोणीस वर्षांची असताना, अण्णाने (आमचे वडील लवकर गेले, घरात त्याचाच शब्द) एका संध्याकाळी मला समोर बसवलं आणि विचारलं, “चार पैसं तरी मिळत्यात का त्यातनं?” मी म्हटलं, नाही मिळत, पण खेळाडू कोट्यातून रेल्वेत नोकरी लागू शकते. तो म्हणाला, “लागंल तवा बघू. मग आता बास.” गुडघ्याला बांधायचे दोन पट्टे होते माझे, ते आईने धुऊन ट्रंकेत ठेवले. पुढच्या वर्षी लग्न झालं.

२०१४ ला आम्ही इथे आलो. हे रग्बी लीगचं गाव आहे, कोळशाचं बंदर आणि नाइट्स, एवढंच इथली माणसं बोलतात. पुरुषांनी १९९७ ला आणि २००१ ला कप जिंकला, त्यानंतर काही नाही. २००१ च्या गोष्टी मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथल्या आजोबांकडून इतक्या वेळा ऐकल्यात की मी स्वतः तिथे होते असं वाटतं.

महिला टीम आली तेव्हा लेक बारा-तेरा वर्षांची होती, तुमच्या मुलीएवढीच. पहिल्या सामन्याला घेऊन गेले. ईल्सविरुद्ध १३-१२ ने हरलो, एका गुणाने. सामना संपल्यावर कठड्याशी पोरींची रांग लागली होती. एक खेळाडू आमच्यापर्यंत आली. नाव सांगत नाही. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, एका पट्टीचं टोक सुटून लोंबत होतं, अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. लेकीच्या जर्सीवर सही करताना पेन धरता येईना, म्हणून तिने ते दोन बोटांत अडकवून धरलं. सही करता करता लेकीला विचारलं, तू कुठल्या जागेवर खेळतेस? लेक तोवर फक्त टॅग (धक्काबुक्की नसलेला प्रकार) खेळलेली, बोललीच नाही. मग ती खेळाडू मलाच म्हणाली, उद्या सकाळी सहाला कामावर हजर व्हायचंय, म्हणून घाईत आहे, राग मानू नका.

मला गलबलून आलं. माझ्या पोरीला हरलेली बाई दिसली नाही, ती त्या सहीकडे बघत होती. पुढचे चारही सामने टीम हरली आणि आम्ही एकही चुकवला नाही, टीव्हीवर का होईना.

ऑक्टोबरमध्ये अण्णा आणि वहिनी दोन महिन्यांसाठी आले होते. फायनलच्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये. वहिनी मटार सोलत होत्या. अण्णा आधी वर्तमानपत्र घेऊन बसला होता, पण दहा मिनिटांत घडी घालून बाजूला ठेवलं. टॅकल बसला, म्हणजे एकीने दुसरीला धरून खाली पाडलं, की त्याच्या खांद्याला झटका बसायचा, मी बघत होते. वहिनींनी मध्येच विचारलं, ती लहानगी कोण किक मारणारी? मी सांगितलं, जेसी साउथवेल, हाफबॅक, सतरा वर्षांची. वहिनींचे हात थांबले. “सतरा?” आणि मग सामना संपेपर्यंत मटार तसेच राहिले.

३२-१२ ने जिंकलो. अप्टनला फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक मिळालं. एकवीस वर्षांनी गावात कप आला आणि तो बायकांनी आणला. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी रडत होते, लेक उड्या मारत होती, आणि अण्णा म्हणाला, “पैसं टाकून आणल्या असतील चांगल्या चांगल्या. इकत घ्यायला काय लागतंय.”

मला तोंडातून शब्द फुटला नाही. लेकीने उत्तर दिलं, तिच्या मोडक्या मराठीत. “मामा, केटलन जॉन्स्टन तेव्हापण होती. रोमी टाइट्झेल तेव्हापण होती. सगळे सामने हरले तेव्हा.”

बस, हेच माझं उत्तर आहे तुम्हाला. फेब्रुवारीत हरताना ज्या मैदानात होत्या, त्यांतल्या काही ऑक्टोबरमध्येही होत्या. बाकीच्यांची नावं आज कुणी घेत नाही, पण क्लबचा तो पहिला सीझन त्यांनी अंगावर झेलला. तो नसता झेलला तर बॉईल आणि अप्टनला यायला टीमच नसती.

आणि अण्णाला मला जे म्हणायचं होतं ते हे, की पैसे मिळत नव्हते तेव्हा तू म्हणालास कशाला खेळायचं, आणि आता मिळतात तर म्हणतोस विकत घेतल्या. मग बाईने नेमकं खेळायचं कधी? पुरुष खेळाडू क्लब बदलतो तेव्हा तो ‘मोठी झेप’ घेतो. बाईने चांगल्या कराराकडे बघितलं की ती विकली गेली? मला हा हिशोब मान्य नाही, १९९९ लाही नव्हता.

नशिबाने कप मिळाला म्हणणाऱ्यांसाठी २०२३ बघा. टीम सहाच्या दहा झाल्या, साखळीत पाचाऐवजी नऊ सामने. बॉईल रूस्टर्सकडे निघून गेली होती. तरीही नाइट्सनी टायटन्सना २४-१८ हरवून पुन्हा कप घेतला. फायनलचं पदक पुन्हा अप्टनला, आणि डॅली एमही तिलाच. पैसा म्हणाल तर महिलांचा पहिला सामूहिक करार त्याच वर्षी झाला. किमान मानधन वर्षाला ३०,००० डॉलर, ते वाढत २०२७ पर्यंत ५०,६०० व्हायचं ठरलं. टीमच्या एकूण पगारावर मर्यादा त्या वर्षी ९ लाख डॉलरची होती. इतक्या पैशांत इथे घरभाडं देऊन काय उरतं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. अजूनही बऱ्याच जणी नोकरी सांभाळून खेळतात.

गेल्या दिवाळीत अण्णाचा फोन होता. म्हणाला, त्या पोरींना आता किती मिळतात? मी आकडा सांगितला. थोडा थांबून म्हणाला, “बरं हाय की.” मला त्याच्याकडून ते ऐकायचं नव्हतं. जे ऐकायचं होतं ते मी विचारलं नाही, आणि त्यानेही काढलं नाही.

आता तुमच्या मुलीचं. घाला. पण लगेच टॅकलमध्ये नको, आधी एखादा सीझन टॅग खेळू दे. कमरेच्या पट्ट्या ओढायच्या असतात, धक्काबुक्की नाही, आणि धावण्याचा अंदाज येतो. टॅकल शिकताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे ज्या क्लबात तासन् तास घोटून घेतात तोच क्लब निवडा, घरापासून लांब असला तरी. माउथगार्ड दंतवैद्याकडून साच्याचा करून घ्या.

धोका नाही असं मी म्हणणार नाही, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. मुलींच्या गुडघ्याचे स्नायुबंध मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतात, म्हणून उडी मारून नीट उतरण्याचे व्यायाम रोज करायला लावा. डोक्याला मार लागलाय अशी नुसती शंका आली तरी मैदानाबाहेर. इथल्या नियमाप्रमाणे पुन्हा अंगाला अंग भिडवून सामना खेळायला किमान २१ दिवस, आणि त्यात लक्षणं पूर्ण गेल्यावरचे १४ दिवस. कोच म्हणाला ‘ठीक आहे, जाऊ दे’ तरी तुम्ही नाही म्हणायचं. माझी लेक एकदा चार आठवडे बाकावर होती, रडली, पण बसवलंच.

करिअर होईल का ते मी सांगू शकत नाही. २०२५ पासून बारा टीम आहेत, जागा वाढल्यात, पण खेळणाऱ्या पोरीही वाढल्यात.

आजोबांना सरावाला घेऊन जा, घरी समजावत बसू नका. आणि ‘यातून पुढे काही मिळेल का’ हा प्रश्न तिच्यासमोर कुणालाही विचारू देऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी.