आधी वही काढ, मग कार्ड

अरे थांब, एआय चॅटबॉटसाठी लगेच पैसे भरू नकोस. महिनाभर फुकटचंच वापर आणि ‘मर्यादा संपली’ असं किती वेळा येतं ते वहीत मांड. आठवड्यातून एखाद्‌वेळी येत असेल तर काही तास कळ काढ. रोज ऐन कामात अडत असेल तर गोष्ट वेगळी. तरी चॅटजीपीटी प्लसच्या १,९९९ रुपयांवर उडी नको. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचाच ३९९चा स्वस्त ‘गो’ प्लॅन आला, तो आधी बघ.

वर्षाचे एकदम तर मुळीच भरू नकोस. मी भरले होते एका ठिकाणी, दोन महिन्यांत कंटाळलो. शिवाय त्या पैसेवाल्या बॉटनेही बिलातल्या जीएसटीचं गणित चुकवलंच, तेही छातीठोकपणे! यूपीआय ऑटोपे लावलंस तर पैसे कापले जायच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा अलार्म लाव.