या वर्षी कोणत्या मराठी कादंबऱ्या वाचायचं ठरवलंय, नवीन फिक्शन शोधता कुठून, आणि रिव्ह्यू वाचून पुस्तक विकत घ्यावं का?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत, यावर्षीचा वाचनाचा प्लॅन काय, नवीन पुस्तकं कळतात कशी, आणि फेसबुक-इन्स्टावरच्या रिव्ह्यूवर विसंबून पैसे घालावेत का. तिन्हीचं एकदाच सांगतो, थोडं लांबेल पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

मी जिंतूरकडचा, परभणी जिल्हा, कृषी सेवा केंद्रात कामाला आहे. हे सांगायचं कारण असं की माझं वाचन जानेवारी ते डिसेंबर असं चालतच नाही, ते पेरणीवर चालतं. मृग लागला की बियाणं, खतं, उधाऱ्या, कोणाचं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रार, त्या दिवसात रात्री डोळे उघडे राहत नाहीत. हरभऱ्याच्या टायमाला परत तेच. मोकळं मिळतं ते पोळ्याच्या आगंमागं आणि नंतर संक्रांतीपासून पार मे महिन्यापर्यंत. मग जाडजूड कादंबरी उन्हाळ्यात, कथासंग्रह हंगामात कारण एखादी कथा झोपायच्या आधी होऊन जाते, आणि दिवाळी अंक दिवाळीत न वाचता हरभरा उरकल्यावर निवांत. तुम्ही पण तुमच्या कामाचा हंगाम बघून ठरवा, परीक्षा, मार्च एंडिंग, लग्नसराई, जे असेल ते. वर्षाला पन्नास पुस्तकं, शंभर पुस्तकं असं चॅलेंज लोक घेतात ते मला पटत नाही, आकडा गाठायचा म्हटलं की माणूस आपोआप पातळ पुस्तकं उचलतो आणि जे अवघड आहे, ज्याला महिना द्यावा लागेल, ते मागं मागं सारत राहतो.

मी ठरवतो ते जोडीनं. एक जुनं पुस्तक, एक नवीन, दोघांचा विषय कुठंतरी एकमेकाला लागलेला पाहिजे. नवीन पुस्तक एकटंच वाचलं तर ते नवीन कशात आहे तेच कळत नाही.

यावर्षीची पहिली जोडी रा. रं. बोराडेंची पाचोळा आणि देविदास सौदागर यांची उसवण. पाचोळा १९७१ ची, बोराडे सर लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे, फेब्रुवारी २०२५ मधे गेले, तेव्हापासून परत वाचायची मनात होती. खेड्यातल्या शिंप्याचं घर आहे, आणि ते सगळं सांगते त्याची बायको पारबती, तिच्या बोलीत, लेखक मधे कुठं बोलायला येत नाही. गावातल्या वजनदार माणसाशी वाकडं आलं की एका हातावर पोट असलेल्या घराचं काय होतं ते. आणि उसवण २०२२ ची, तिथं पण शिंपीच, पण इथं कोणी वैरी समोर येऊन उभाच राहत नाही, रेडीमेड कपडे येतात, गिऱ्हाईक कमी होतं, उसवलेलं शिवून द्या नाहीतर पँट कमी करून द्या एवढीच कामं उरतात. सौदागर स्वतः तुळजापूरला शिवणकाम केलेले, त्यामुळं मशीन, कापड, माप यांचं जे वर्णन आहे ते ऐकीव नाही. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्यांना मिळाला. आता ह्या दोन पुस्तकांमधे पन्नास वर्ष आहेत, एकाच भागातला, एकाच धंद्यातला माणूस, पहिल्यात त्याला शत्रूचं नाव माहीत आहे आणि दुसऱ्यात तो भांडायला जाणार कोणाकडं? हे मला कुठल्याच रिव्ह्यूतनं कळालं नव्हतं, दोन्ही लागोपाठ वाचल्यावर कळालं आणि त्या रात्री झोप नाही आली खरंच. आमच्या दुकानात येणारे कितीतरी जण मला त्यात दिसले.

दुसरी जोडी आमच्या घरची म्हणता येईल. आसाराम लोमटे परभणीचे, पत्रकार, त्यांच्या आलोक या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. त्यांच्या कथा लांब असतात, घाई नसते, गावातलं राजकारण, सोसायटी, निवडणूक, त्यात भरडणारा माणूस, सगळं आतून माहीत असलेल्या माणसानं लिहिलेलं. आधी भास्कर चंदनशिव यांची लाल चिखल ही कथा वाचा (शाळेच्या पुस्तकात होती, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलेली असणार, टमाट्याला भाव न मिळाल्यावर बाप भर बाजारात काय करतो ती), आणि मग आलोक घ्या. लाल चिखल एका दणक्यात संपते, लोमटे तोच राग हळूहळू शिजवतात. त्यांची तसनस ही कादंबरी यंदाच्या उन्हाळ्यासाठी बाजूला काढून ठेवलीय.

तिसरी जोडी अजून अर्धीच आहे. कृष्णात खोत यांची रिंगाण, २०२३ चा अकादमी पुरस्कार, धरणात गाव गेलेली माणसं आणि मागं जंगलात राहून गेलेली म्हैस. पुस्तक कोल्हापूरकडचं आहे पण धरणानं उठलेली गावं आमच्याकडं पण आहेत, येलदरी आमच्याच तालुक्यात, जायकवाडीनं पैठणकडं किती गावं गेली, आणि त्या माणसांवर मराठवाड्यातली मोठी कादंबरी मी शोधायलोय. कोणाला माहीत असेल तर सांगा, मनापासून विचारतो.

आता शोधायचं कुठं. पहिलं, पुरस्काराच्या याद्या बघा पण त्यालाच नवीन समजू नका. अकादमीचा मुख्य पुरस्कार मागच्या काही वर्षांतल्या पुस्तकांमधून दिला जातो त्यामुळं नाव पेपरात येईस्तोवर पुस्तक दोन-चार वर्ष जुनं झालेलं असतं. युवा पुरस्कार त्यामानानं जवळचा, पस्तीस वर्षापर्यंतच्या लेखकांसाठी असतो, २०११ पासून चालू आहे, आणि मागची मराठीची नावं काढून बघितली तर प्रणव सखदेव यांची काळेकरडे स्ट्रोक्स २०२१ ला, उसवण २०२४ ला, प्रदीप कोकरे यांची खोल खोल दुष्काळ डोळे २०२५ ला, एवढ्यावर पण एक वर्ष निघून जाईल. दुसरं म्हणजे दिवाळी अंक. येणाऱ्या कादंबरीचं प्रकरण किंवा नवीन लेखकाची लांब कथा बऱ्याचदा तिथंच पहिल्यांदा येते. मी अंक वाचताना अनोळखी नाव आणि चांगली कथा दिसली की मोबाईलमधे फोटो काढून ठेवतो आणि मग वर्ष-दोन वर्ष त्या नावावर लक्ष ठेवतो. तिसरं मासिकं, ललित १९६४ पासून निव्वळ पुस्तकांसाठी निघतं, त्यातल्या जाहिराती सुद्धा मी वाचतो, कारण नवीन काय येतंय ते जाहिरातीतच आधी कळतं.

आणि ग्रंथालय. आपल्याकडं १९६७ च्या कायद्यानं अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालयं तालुक्या-तालुक्यात आहेत, अ ब क ड असे त्यांचे वर्ग असतात, वर्गणी फार नसते. तक्रार अशी ऐकू येते की तिथं जुनंच सगळं असतं. बऱ्याच ठिकाणी खरं पण आहे. पण ग्रंथपालाला जाऊन पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन कागदावर लिहून दिलं आणि परत परत विचारलं तर पुस्तक येतं, मी स्वतः आणवलेली आहेत, आणि मग ते माझ्या एकट्याचं राहत नाही, कार्डावर पुढच्या वाचकांची नावं पडलेली बघितली की इतकं बरं वाटतं. विकत घ्यायचं तर तालुक्याला दुकान नसतंच, प्रकाशकाला व्हॉट्सअप करायचं, फोनपे करायचं, पार्सल येतं. डिसेंबर २०२४ मधे पोस्टाची रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय बंद झाली, हे गावाकडच्या वाचकासाठी लय वाईट झालं, दीडशेच्या पुस्तकाला पाठवणावळ डोळ्यात यायला लागली. म्हणून आम्ही तिघं-चौघं मिळून एकदाच ऑर्डर टाकतो.

आता तुमचा खरा प्रश्न, रिव्ह्यू. मला वाटतं रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना सरसकट नावं ठेवणं चूक आहे. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची जागा कमी कमी होत गेली, बऱ्याच पुस्तकांच्या नशिबात साभार पोच मधे एक ओळ येते बस. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती म्हणजे पाचशे-हजार प्रती, त्या पण संपायला वर्ष जातात. अशात एखादी पोरगी नांदेडला नाहीतर बीडला बसून, नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून, कोणी पैसे देत नसताना पुस्तकावर दोन पानं लिहिती किंवा रील करती, तर त्या लेखकासाठी ती फार मोठी गोष्ट असते. मी नवीन फिक्शनमधलं जे चांगलं वाचलं त्यातलं बरंचसं अशाच लोकांच्या तोंडून कळालं.

पण निवड करावी लागते. छोट्या गावात सगळे एकमेकाला ओळखतात, लेखक ओळखीचा, प्रकाशन सोहळ्याला आपण जेवून आलेलो, उद्या परत त्याच कार्यक्रमात शेजारी बसायचं, मग वाईट कोण लिहिणार? त्यामुळं आपल्याकडची निम्मी परीक्षणं म्हणजे आहेराची पाकिटं झालीत, तू माझ्या पुस्तकावर लिही मी तुझ्या. यात कोणी माणूस दुष्ट नाही, पण वाचकाचे तीनशे रुपये जातात आणि पुढच्या वेळी तो नवीन लेखकाला हातच लावत नाही, नुकसान होतं ते असं.

मी बघतो ते हे, की लिहिणारा पुस्तकाच्या आत किती गेलाय. कथा कोण सांगतंय, कुठं रेंगाळली, कुठली जागा जमली, कुठली जमली नाही, एखादा उतारा दिलाय का. नुसती पाठराखणीवरची वाक्यं फिरवून लिहिलेली लगेच कळतात. प्रकाशकानं प्रत फुकट पाठवली असेल तर तसं सांगितलंय का, फुकट प्रत घेणं गैर नाहीच, लपवणं गैर. त्या माणसाला आजपर्यंत एखादं पुस्तक आवडलं नाही असं झालंय का, हे तर मी त्याच्या जुन्या पोस्टी खाली जाऊन बघतोच. आणि एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. मराठवाड्यातल्या पुस्तकावर बाहेरचे लोक लिहितात तेव्हा मातीचा गंध, अस्सल ग्रामीण बोली, असं म्हणून मोकळे होतात. अहो पण परभणीची बोली आणि उदगीरची बोली एक आहे का? पात्र कुठल्या गावचं आणि बोलतंय कुठलं, हे तपासायला आपल्याशिवाय कोण आहे? बोलीत लिहिलं म्हणून पुस्तक चांगलं होत नाही, आणि चांगलं असेल तर ते बोलीच्या पलीकडं कशामुळं चांगलं आहे ते सांगायला पाहिजे.

याबाबतीत आपल्याच मातीत केवढा मोठा माणूस होऊन गेला. नरहर कुरुंदकर, मूळ कुरुंद्याचे, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवायचे, १९८२ ला गेले. मराठी कादंबरीवरचं त्यांचं धार आणि काठ मिळालं तर जरूर वाचा. त्यांचं सगळंच पटेल असं नाही, मला काही काही निकाल अजिबात पटत नाहीत, पण ते त्यांची कारणं इतकी उघडी मांडतात की तुम्हाला त्यांच्याशी भांडता येतं, आणि त्या भांडणात मूळ कादंबरी परत काढून वाचावी लागते. आजच्या पंधरा ओळींच्या पोस्टमधे पण हे करता येतं. आवडलं, डोळ्यात पाणी आलं, नक्की वाचा, यावर भांडायचं कसं?

म्हणून पैसे घालायचे का याचं माझं उत्तर असं, की दोन-तीनच लिहिणारे धरा, त्यांनी सांगितलेलं एक पुस्तक ग्रंथालयातनं नाहीतर कोणाचं मागून वाचा, त्यांची आवड आणि तुमची आवड कुठं जुळती कुठं नाही ते कळू द्या, मग बिनधास्त विकत घ्या. मी ज्यांचं वाचतो त्यातल्या एकाची आणि माझी आवड जवळपास उलटी आहे, त्यांना जे संथ वाटतं ते मला हमखास आवडतं, आणि त्यांच्याइतका उपयोग मला दुसऱ्या कोणाचा होत नाही.

आणि तुम्ही स्वतः लिहा. पुस्तक संपल्यावर दोन दिवसाच्या आत, विसरायच्या आधी. मोठं परीक्षण नको, पारबती कशी बोलती, शिवणयंत्राचं पान कितवं आवडलं, कुठं कंटाळा आला, एवढं जरी लिहिलं तरी ते पुस्तक शोधणाऱ्या पुढच्या माणसाला सापडतं. आपल्या भागातल्या बऱ्याच पुस्तकांचं नाव सर्च केलं तर विक्रीची लिंक सोडून काहीच येत नाही, वाचणाऱ्याचं एक वाक्य सुद्धा नाही.

पहिल्या जोडीपासून सुरू करणार असाल तर पाचोळा आधी वाचा, उसवण नंतर, उलटं करू नका. आणि तसनस तुमची वाचून झाली असेल तर शेवट न फोडता खाली लिहा, मी मे महिन्यात वाचून तुम्हाला इथंच उत्तर देतो.