"खरं असतं तर तेव्हाच बोलली असती ना?"

गणपतीनंतर एक आई समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हेच विचारत होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). शेजारच्या खुर्चीत मुलगी, ३४ वर्षांची, आणि तिने आता पहिल्यांदा घरात सांगितलेलं की ती नऊ वर्षांची असताना मामा काय करायचा. आई तिच्याकडे बघतच नव्हत्या, हातातल्या छत्रीचा पट्टा लावत होत्या, काढत होत्या.

हा प्रश्न मला नवरे विचारतात, भाऊ विचारतात, कधी कधी ती बाई स्वतःच स्वतःला विचारत असते आणि ते सगळ्यात वाईट.

मी म्हटलं, आई, तेव्हाचं घर कसं होतं ते सांगा ना. परळची चाळ, एक खोली, सहा माणसं ओळीने झोपायची, मिल बंद पडलेली आणि घर मामाच्या पगारावर, मुलीला वह्या आणि खाऊसुद्धा तोच आणायचा. बोलता बोलता म्हणाल्या, "ही तेव्हा मोरीजवळ जाऊन झोपायची, ओल असायची तिथे, मी ओरडायचे..." आणि गप्पच झाल्या.

मुलगी हळूच म्हणाली, "मी बोलले होते गं आई. मामाशेजारी नको झोपवू म्हटलेलं. तू म्हणालीस नाटकं करू नकोस, त्याच्यामुळे जेवतोय आपण."

नऊ वर्षांच्या पोरीकडे यापेक्षा वेगळे शब्द कुठून येणार? भीतीने अंग गोठतं, ओरडता येत नाही, मग आपणच गप्प राहिलो, खाऊ पण घेतला, म्हणजे चूक आपलीच असं तिला वाटत राहतं, आणि चौदा-पंधराव्या वर्षी नीट कळतं तेव्हा समोर आईचा सख्खा भाऊ असतो, घर फुटेल ही भीती असते. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला होता, बहुतेकांनी त्याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. हे अनोळखी घरांतलं नाहीये, आपल्याच घरांतलं आहे.

आत्ताच का बोलली? यंदा गणपतीत मामाने तिच्या मुलीला मांडीवर घेतलं, ती मुलगी आता आठ वर्षांची. त्या मुलीला काही झालं नाहीये ना हे आम्ही सगळ्यात आधी बघितलं, तसं काही कळलं असतं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. स्वतःच्या तक्रारीचं तिने अजून ठरवलेलं नाही, वकिलांशी बोलतेय, आणि मी घाई करत नाहीये.

निघताना आई दारात थांबल्या. पहिल्यांदा मुलीकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मोरीजवळ थंडी वाजायची ना गं तुला?"