ऊसतोड कामगारांच्या तळावरील मुलांसाठी हलवता येईल असं खेळसाहित्य घ्यायचंय. अनुदान कुठून मिळेल?

मिळेल हो. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या नफ्यातून सामाजिक कामासाठी देतात त्या पैशातून मिळेल. पण तुम्ही 'हलवता येईल असं' म्हणताय ना, देणारे नेमके तिथेच बिचकतात.

आम्ही कारखान्याच्या तळावर मुलांचा वर्ग घ्यायचो. एका कंपनीचे साहेब बघायला आले. त्यांच्या डोक्यात लोखंडी घसरगुंडी, झोपाळा आणि कडेला कंपनीची पाटी. म्हटलं, साहेब, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की कोप्या म्हणजे झोपड्या उठणार आणि माणसं बीडला परतणार. पुढच्या हंगामात मुकादम टोळी इथंच आणेल याची खात्री कोण देणार? मग तुमच्या घसरगुंडीवर शेळ्या चढतील. आम्हाला गोणीत मावेल ते द्या: दोऱ्या, चेंडू, लाकडी ठोकळे, लगोऱ्या, फळ्या, जुन्या साड्या. साहेब म्हणाले, "मॅडम, फोटोत काय दिसणार?"

तरी ते वळले. वळले नाहीत ते आमचेच खजिनदार! सामान आलं, त्याच दिवशी कपाट आणि कुलूप. नोंदवहीत प्रत्येक चेंडूला नंबर. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात, दिवसभर तान्हं भावंड आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर. तिला खेळायला वेळ मिळतो तो तिच्या सोयीने, खजिनदारांच्या चावीच्या वेळेला नाही. एक पोर दोरी कमरेला गुंडाळून कोपीवर घेऊन गेली, तर खजिनदार म्हणाले, मुकादमाकडून वसूल करा. मी म्हटलं, दोरी खेळायला आणली होती, ती खेळली, हिशेब मिटला. आमचं बोलणं अजून बंद आहे. चेंडू हरवला नाही याचा अर्थ त्याच्याशी कुणी खेळलंच नाही, हे माझं मत आजही तेच आहे.

म्हणून अंदाजपत्रकात हे सामान 'मालमत्ता' म्हणून दाखवू नका, 'वापरून संपणारं साहित्य' म्हणा आणि हंगामाच्या मध्यावर पुन्हा भरण्याचे पैसे त्यातच मागून घ्या. कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआर खर्च दाखवायचा असतो, त्यामुळे जानेवारीनंतर लहान प्रस्तावाकडे बरं लक्ष जातं. पण तुमचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, तेव्हा पावसाळ्यातच भेटून ठेवा.

हो, हे राहिलंच. संस्थेकडे १२ए (संस्थेला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ची (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) नोंदणी लागते. २०२१पासून सीएसआर-१शिवाय कंपनी संस्थेमार्फत काम करूनच घेऊ शकत नाही. शिवाय संस्था नवी असेल तर तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आडवा येतो, मग जुन्या संस्थेच्या नावाने अर्ज करावा लागेल. मुलं जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसत असतील तर मुख्याध्यापकांना गाठा. समग्र शिक्षा या सरकारी शाळा-योजनेच्या निकषात क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. फक्त ते सामान शाळेच्या कपाटात जातं, आणि त्या कपाटाची चावी कुणाकडे असते ते आधी विचारून घ्या.