रोज बायबल वाचतो, पहाटे प्रार्थना करतो, तरी देव जवळचा वाटत नाही. एकांतातली भक्ती कशी वाढवावी?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात बायबल संपवायचा तक्ता भिंतीवर लावलाय, पाचचा अलार्म लावता, गुडघे टेकता, आणि तरी ‘भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं’. त्यावर एकानं उत्तर दिलंय की अजून लवकर उठा, चारला उठा. ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

तक्त्याचं आधी उरकतो. बायबलचे अध्याय ११८९, म्हणजे रोजचे तीन-सव्वातीन. उत्पत्ती, निर्गम ही पहिली दोन पुस्तकं झपाझप जातात. मग इकडे फेब्रुवारी लागतो आणि तिकडे लेवीय लागतं, आणि होमबलीच्या नियमांत गाडी अडकते ती अडकतेच. दरवर्षी मंडळीतली निम्मी माणसं तिथं अडकलेली मी पाहिलीत. त्यात काही पाप नाही. फाडा तो तक्ता.

आता माझं. मी रेल्वेत गार्ड होतो, मालगाडीचा. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आम्ही जुने लोक गार्डच. नागपूरच्या कळमन्याहून गाडी घ्यायची, गोंदिया, डोंगरगड, कधी पार भिलाई. रनिंग रूमला, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरच्या विश्रांतीच्या खोलीत, पाठ टेकायची आणि परतीची गाडी घ्यायची. रात्री दोनचा कॉल आला तर दोनला निघायचं, दुपारी चारचा आला तर चारला. असल्या माणसानं ‘पहाटेची ठरावीक वेळ’ कुठून आणायची? पहाट मला कधी कामठीच्या आउटर सिग्नलला भेटायची, कधी दरेकशाच्या बोगद्याजवळ.

माझा मोठा भाऊ कचेरीत होता, दहा ते साडेपाच. चाळीस वर्षं पाचला उठून प्रार्थना करत आलाय, खोटं कशाला बोलू. पण त्याला वाटतं देवाचीही कचेरी आहे आणि ती पाचला उघडते. शुक्रवारी आमच्या मोहननगरच्या घरी प्रार्थना सभा असायची. एकदा नाईट करून आलो, आंघोळ करून भिंतीला टेकून बसलो आणि वचन चालू असताना डोळा लागला. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “देव बोलून राहिला आन् तू पेंगून राहिला बे!” लोक हसले. मीही हसलो. माझी बायको चहाचा ट्रे घेऊन आत गेली ती शेवटच्या ‘आमेन’पर्यंत बाहेर आली नाही.

तेवढं असतं तर विसरलो असतो. २००४ च्या फेब्रुवारीत बाबा गेले. मी डोंगरगडला होतो, मोबाईल नव्हता. निरोप मिळून नागपूरला पोचलो आणि तसाच युनिफॉर्मवर कबरस्तानात गेलो, तर माती देऊन झाली होती. फुलंसुद्धा वाहून झाली होती. तिसऱ्या दिवशी सांत्वनाच्या प्रार्थनेला दादा म्हणाला की जो पहाटे देवाजवळ बसतो त्याला देव आधी इशारा देतो. बसत असतास तर त्या दिवशी ड्युटीवर गेला नसतास.

त्यानंतर तीन महिने मी प्रार्थना केली नाही. रविवारी उपासनेला जायचो, उभं राहा म्हटलं की उभा राहायचो, बसा म्हटलं की बसायचो. प्रभूची प्रार्थना तोंडानं म्हणायचो.

मे महिन्यात एका रात्री सालेकशाच्या पुढं छोट्या स्टेशनात आम्हाला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतलं. एकामागून एक मेल-एक्सप्रेस पास होत होत्या, आमचा नंबर काही लागेना. मालगाडीची ब्रेक व्हॅन, म्हणजे शेवटचा गार्डचा डबा, तुम्ही आतून पाहिली नसेल. आमच्या काळी त्यात दिवा नाही, पंखा नाही, बसायला कडक फळी. दिवसभर तापलेलं लोखंड रात्री अकरालाही हाताला चटका देत होतं. पाण्याची बाटली कोमट. डास इतके की तोंड उघडायची सोय नाही. माझ्या बॅगेत बाबांचा खिशातला नवा करार होता, मागं स्तोत्रसंहिता जोडलेली. बायकोनं न सांगता टाकला होता. टॉर्चच्या उजेडात उघडला. स्तोत्र ८८ निघालं. त्यातही देवाचा इशारा शोधू नका, बाबांनी तिथं एस.टी.चं जुनं तिकीट घालून ठेवलं होतं म्हणून ते पान उघडलं.

तुम्ही वाचलं नसेल तर वाचा. बाकीची बहुतेक रडकी स्तोत्रं शेवटी वळण घेतात, ‘तरी मी तुझं स्तवन करीन’ वगैरे. हे घेत नाही. माणूस रात्रंदिवस हाका मारतो, तू मला का टाकलंस म्हणून विचारतो, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. मी पुढचं पान उलटून पाहिलं, की राहिलं असेल काही. काही राहिलं नव्हतं.

मग मी मोठ्यानं बोललो. मालगाडीच्या शेपटाला कोण ऐकतंय? काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण त्यात ‘हे दयाळू पित्या’ नव्हतं. बाबांना माती द्यायला मिळाली नाही यावर बोललो, दादावर बोललो, देवानं ऐकायला नको असं बरंच बोललो. अर्धा तास तरी. आवाज बसला. आकाशवाणी झाली नाही, अंगावर शहारा आला नाही. वॉकीटॉकी खरखरला, ड्रायव्हर म्हणाला, “गार्ड साब, स्टार्टर मिल गया.” म्हणजे निघायचा सिग्नल. मी हिरवा दिवा दाखवला आणि गाडी निघाली.

झालं एवढंच. पण पुढच्या ड्युटीला मी तो नवा करार आपणहून बॅगेत टाकला. रिटायर होईपर्यंत तो बॅगेतच राहिला, एस.टी.चं तिकीटही.

दादा नेहमी मार्क १:३५ काढतो: प्रभू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात गेला. बरोबर आहे. पण लूक ६:१२ ही त्याच प्रभूबद्दल आहे ना? तिथं तो अख्खी रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालवतो. त्याला आम्ही नाईट ड्युटी म्हणतो. आणि स्तोत्र १३० मध्ये पहाटेची वाट पाहणारे जे पहारेकरी आहेत, त्यांचा उल्लेख तिथं एकदा नाही, लागोपाठ दोनदा येतो. पहाऱ्याला रात्र किती लांब असते ते लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. कचेरीतल्या माणसाला एकदा पुरलं असतं.

आणखी एक, आमच्याच लाईनवरचं. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते, तेव्हा डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवचनातच आहे, की प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे. किती वाजता ते लिहिलेलं नाही. टिळक तर म्हणायचे की मी तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकोबाही विठ्ठलाशी भांडायला मागंपुढं पाहत नसत. त्या लाईनवरून मी एवढ्या फेऱ्या मारल्या, दरवेळी तो डबा आठवायचा.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. बाबांकडचे स्कॉटिश मिशनचे, प्रार्थना स्वतःच्या शब्दांत करणारे. आईकडचे अँग्लिकन, प्रार्थनापुस्तक हातात धरणारे. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आमच्या घरात काही एकी झाली नाही. दादा अजून म्हणतो की छापील प्रार्थना म्हणजे पोपटपंची. माझे स्वतःचे शब्द संपले तेव्हा मला छापील शब्दांनीच तोंड उघडून दिलं, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. इथं सांगतोय.

तर तुमच्यासाठी. रोज एकच स्तोत्र घ्या, मोठ्यानं वाचा, नुसतं डोळ्यांनी नको. जिथं मनाला टोचेल तिथं थांबा आणि त्यावर देवाशी बोला, जसं खरं असेल तसं. कंटाळा आला असेल तर कंटाळा आला म्हणा. सोबत मार्क घ्या, सोळाच अध्याय आहेत, आणि एखादा अध्याय आठवडाभर चालला तर चालू द्या. झोप आली तर झोपा. एलीया संदेष्टा झुडपाखाली झोपला तेव्हा देवदूतानं त्याला उठवलं ते भाकर खायला, रागवायला नाही. ‘भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं’ हे तुम्ही आम्हा परक्यांना लिहिलंत. देवाला सांगितलंत का?

जवळीक कधी वाटेल ते मला विचारू नका. मला वीस वर्षांत फार थोड्या वेळा वाटली, आणि प्रत्येक वेळी कामाच्या मधेच.

दोन गोष्टी राहिल्या. मी मंडळी सोडा म्हणत नाहीये. त्या तीन महिन्यांत रविवारी बाकाच्या टोकाला जागा ठेवणारा एक म्हातारा नसता तर मी सुटलोच असतो. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, काहीच नको वाटत असेल, तर ते भक्तीचं दुखणं नसेलही, डॉक्टरला दाखवा. कॅथलिक असाल तर जपमाळेबद्दल मला काही कळत नाही, तुमच्या फादरना विचारा.

पाचला उठणं जमत असेल तर खुशाल उठा, माझा त्याला विरोध नाही. मी रिटायर झाल्यापासून मलाही पाचलाच जाग येते. तेवढं दादाला कळू देऊ नका.